वहीतलं परकं अक्षर

१

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की घरातलं कुणीतरी माझ्या अक्षराची नक्कल करतंय.

मी हे उगाच म्हणत नव्हतो. एकतीस वर्षं खोटी अक्षरं पकडण्यात घालवली आहेत. मृत्युपत्रं, धमकीच्या चिठ्ठ्या, शाळेचे दाखले, झालंच तर दोन-चार प्रेमपत्रंसुद्धा. कोर्टात उभं राहून 'ही सही या माणसाची नाही' असं सांगायचं आणि वकिलांची बोलणी खायची, हा माझा पेशा. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच औषधाच्या वहीत कुणी खोटं अक्षर घुसवावं, याला धाडस म्हणावं की मूर्खपणा, तेच मला कळेना.

वहीचं आधी सांगतो. चार महिन्यांपूर्वी माझी किडनी बदलली. नवी किडनी ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची. शरीर असल्या पाहुणीला हाकलायला बघतं, म्हणून त्याला दाबून ठेवणाऱ्या कॅप्सूल जन्मभर घ्यायच्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. 'दोन-तीन दिवस बंद केल्यात तर बहिणीची किडनी हातची जाईल,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. किती कॅप्सूल घेतल्या, रक्तदाब, ताप, वजन, सगळं रोज वहीत लिहायचं आणि खाली सही करायची.

त्या सकाळी पाच कॅप्सूल घेतल्या आणि सहज मागची पानं चाळली. पहिल्या महिन्यातलं अक्षर माझं होतं, ताठ आणि मोजून मापून बसवलेलं. पुढे मात्र शिरोरेषा लाटांसारख्या वरखाली व्हायला लागल्या होत्या. कान्याला गुडघे फुटले होते. सही तर एखाद्या भेदरलेल्या माणसाने धावता धावता केल्यासारखी.

"हे माझं अक्षर नाही," मी मोठ्याने म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय झालं?"

"वहीतल्या नोंदी खोट्या आहेत. आणि नोंदी खोट्या, तर गोळ्या तरी खऱ्या कशावरून? कोण हे करतंय ते सापडेपर्यंत मी एकही कॅप्सूल घेणार नाही. आज संध्याकाळपासून बंद!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तेही मनात टिपून ठेवलं. आरोपीचा चेहरा असाच पडतो.

खिडकीजवळच्या खुर्चीत तो तपकिरी स्वेटरवाला बसला होता. आठवडाभर रोज येत होता आणि चकार शब्द बोलत नव्हता. बायकोच्या माहेरचा कुणीतरी असावा म्हणून मीही विचारलं नव्हतं. आता मात्र त्याचंही नाव संशयितांत घालावं लागणार होतं.

२

पहिली जबानी बायकोची.

मी तिला जेवणाच्या टेबलापाशी समोर बसवलं. कप उचलला तर चहा बशीत सांडला. हल्ली कप धड बनवतच नाहीत. शर्टाची काजंही कुणीतरी लहान करून ठेवली होती. पण एका वेळी एकच गुन्हा तपासावा, हा माझा नियम.

"ही वही कोण कोण हाताळतं?"

"तुम्ही. दुसरं कोण? मी नुसती टेबल पुसायला उचलली तरी अंगावर येता."

"कॅप्सूल कोण देतं?"

"जावई शनिवारी येऊन आठवड्याची डबी भरून जातात. घेता तुम्ही तुमच्या हाताने. अहो, मी डॉक्टरांना फोन करते. तीन आठवडे झाले, तुम्हाला धड झोप नाही, बोलता बोलता शब्द विसरता…"

"विषय बदलू नकोस. दोनाच्या पाच कॅप्सूल कशा झाल्या?"

तिने उसासा टाकला. "दर सोमवारी सकाळी रक्त देऊन येता. रक्तात औषध कमी दिसतं म्हणून डॉक्टर वाढवतात. दोनाच्या तीन, मग चार, मग पाच. हॉस्पिटलात होतात तेव्हा आकडा अगदी बरोबर यायचा. घरी आलो आणि घसरला."

हॉस्पिटलात बरोबर, घरी चूक. म्हणजे गुन्हेगार घरातलाच! मला एकदम हुशारी आली. ती काय म्हणत होती ते पुढे मला नीट ऐकूही आलं नाही, कारण भिंतीवरच्या रंगाच्या ओरखड्यांतून बारीक अक्षरं सरकायला लागली होती आणि ती वाचायचा प्रयत्न करण्यात माझा बराच वेळ गेला.

ती फोन करायला आत गेली तेव्हा मी तिचं कपाट उघडलं. कपड्यांच्या घड्यांखाली, अगदी तळाशी, कॅलेंडरचं एक फाडलेलं पान होतं. उलटं केलं.

त्यावर माझी सही होती. तेवीस वेळा. एकाखाली एक, गिरवल्यासारखी.

३

बत्तीस वर्षांचा संसार आणि ती माझी सही गिरवत होती! मी ते पान वहीत दडवलं. कुणालाही न सांगता एकाच माणसाला मी फोन लावला. ऑफिसात माझ्या हाताखाली शिकलेली, आता माझ्याच खुर्चीत बसणारी मुलगी. सगळे तिला भिंग म्हणतात. तिला काही सांगायला तोंड उघडलं तर निम्मे शब्द सापडेनात. "वही… खोटं… ये," एवढंच बोललो. "निघालेच सर," ती म्हणाली.

ती येईपर्यंत जावई आले. बायकोनेच बोलावलं असणार. गृहस्थ शाळेत गणित शिकवतात, आणि माझ्यासमोर मात्र पाढे विसरलेल्या पोरासारखे बसतात.

"काय जावईबापू, डबी तुम्हीच भरता ना?"

"हो बाबा."

"कधी काही गडबड?"

ते घुटमळले. मी टेबलावर थाप मारली. चमचे खणखणले.

"बाबा, रागावू नका. डबीत चौदा कप्पे असतात. सात सकाळचे, सात संध्याकाळचे. शनिवारी भरायला आलो, की रविवार संध्याकाळच्या कप्प्यात कॅप्सूल तशाच असायच्या. एकदा नाही, दर आठवड्याला. मला वाटलं, मीच भरताना घोळ घालतोय. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही. गुपचूप परत बाटलीत टाकत होतो."

"म्हणजे कॅप्सूल काढून घेत होतात!"

"काढून नाही हो बाबा, उरलेल्या…"

"उरतील कशा? मी एकही डोस चुकवत नाही! वहीत बघा, रविवार संध्याकाळच्या चौकटीत खूण आहे की नाही?"

त्यांनी वही पाहिली. खूण होती. दर रविवारी होती. ते आणखीनच गोंधळले आणि खरं सांगायचं तर मीही. बायको सह्या गिरवते, जावई कॅप्सूल पळवतो. दोघं मिळून की वेगवेगळे? आणि स्वेटरवाला नुसता बघत बसलाय तो कशासाठी?

तेवढ्यात ताई आली. ताई दारातून येत नाही, आधी तिचा आवाज येतो.

"काय रे धाकट्या, गोळ्या बंद करणार म्हणे? माझी किडनी काय रद्दीत घालायला दिली का तुला?"

"ताई, मला विष घालतायत."

"कोण? ही? हिने तुझ्यासाठी चार महिने, कुणी शिंकत आलं तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं." ती माझ्यासमोर बसली आणि एकदम खालच्या सुरात म्हणाली, "मी सोमवारी आणि गुरुवारी येते ना तुझ्याकडे? सोमवारी दुपारी तू निदान माणसात असतोस. थट्टा करतोस. गुरुवारी आले, की मला चोर म्हणतोस. मागच्या गुरुवारी विचारलंस, तुमची आणि माझी ओळख कुठली? हे काय चाललंय, सांग ना रे."

मला काहीच आठवत नव्हतं. ताईला मी ओळखलं नव्हतं? की हीसुद्धा त्यांना सामील?

दारावरची बेल वाजली. घड्याळात साडेचार झाले होते.

४

भिंग आली, बूट काढले आणि पहिल्यांदा माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. मी हात टेबलाखाली घेतला. का, ते मलाही ठाऊक नाही.

मी तिला माझी यादी सांगितली. सापडतील त्या शब्दांत. बायको, जावई, ताई. "आणि चौथा हा स्वेटरवाला," मी खिडकीकडे बोट केलं.

भिंगने खिडकीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायकोने पदर तोंडाला लावला.

"सर," भिंग सावकाश म्हणाली, "खुर्चीच्या पाठीवर तुमचा स्वेटर वाळत घातलाय. खुर्चीत कुणी नाहीये."

मी बघत राहिलो. स्वेटरवाला माझ्याकडे बघून हसला आणि मग नुसता स्वेटर उरला. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. समोर दिसलेला माणूस खोटा निघतो, तर मी आजवर डोळ्यांनी पाहून दिलेल्या जबान्यांचं काय?

"यादीतून एक कमी झाला," भिंग म्हणाली. तिने मला सावरायला वेळच दिला नाही. "आता पद्धतीप्रमाणे करू. घरातल्या प्रत्येकाच्या अक्षराचा नमुना घ्यायचा. तुमचासुद्धा. तुम्हीच शिकवलंय, तक्रारदाराला वगळायचं नाही."

तिने आम्हा चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून सगळ्यांना त्याच पाच ओळी लिहायला सांगितल्या. पेन मला धड धरवत नव्हतं. पेन वाईट होतं. मग तिने सगळे कागद गोळा केले आणि एका जाड पुठ्ठ्याला दोन चौकोनी खिडक्या कापून तो माझ्यासमोर दोन पट्ट्यांवर ठेवला. खिडक्यांतून दोन-दोनच शब्द दिसत होते.

"एक पट्टी वहीतली आहे. दुसरी आत्ता या घरातल्या एका माणसाने लिहिलेली. कुणाची ते सांगणार नाही. मत द्या सर."

तिने माझं जुनं भिंग माझ्या हातात ठेवलं. ते हलायला लागलं तसं तिने पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून दिलं.

आणि काय सांगू, डोक्यातलं सगळं धुकं बाजूला सरलं. एकतीस वर्षांची सवय, ती कुठे जाते? भिंतीवरची अक्षरं गप्प झाली. मी बोलायला लागलो आणि शब्द आपापल्या जागी येऊन उभे राहिले.

"नक्कल करणारा माणूस अक्षर लिहीत नाही, चितारतो. म्हणून त्याचाही हात थरथरतो, पण ती थरथर सावध असते. दाब सगळीकडे सारखा, भलत्याच ठिकाणी पेन उचललेलं, मागे येऊन डागडुजी केलेली. इथे यातलं काही नाही. ओळ वेगात लिहिली आहे. दाब नैसर्गिकपणे कमी-जास्त होतोय. शब्दाची शेपटी बारीक होत गेली आहे. आणि शिरोरेषा बघ, दोन्ही पट्ट्यांत उजवीकडून डावीकडे ओढली आहे. ही सवय नक्कल करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही लेखन एकाच हाताचं. नक्कल नाही, अस्सल आहे. ही थरथर खोटेपणाची नाही, आजाराची आहे." मी भिंग खाली ठेवलं. "कोण आहे हा माणूस? याला आधी डॉक्टरकडे न्या."

भिंगचे डोळे भरून आले होते.

"सर," ती म्हणाली, "उजवीकडून शिरोरेषा ओढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय."

तिने पुठ्ठा उचलला.

५

दुसरी पट्टी माझी होती.

लोकांच्या सवयी मी जन्मभर कोर्टात सांगत आलो, स्वतःच्या कधी तपासल्या नव्हत्या. मी माझा हात टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. तो थांबतच नव्हता. कप बरोबर होते. काजंही बरोबर होती.

"पण ते कॅलेंडरचं पान?" मी वहीतून काढून बायकोपुढे धरलं. अजूनही माझ्या आवाजात वकील होता.

"तुम्हीच लिहिलंत," ती म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी खिडकीशी बसून सही करून बघत होतात. जमेना, तेव्हा रडलात. मग जेवलात आणि विसरून गेलात. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते ठेवून दिलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

भिंग मात्र थांबली नाही. तिने वही पहिल्या पानापासून उघडली आणि बोट ओळीओळीने खाली नेलं. "थरथर सुरू होते ती कॅप्सूल तीन झाल्यावर. चार झाल्यावर वाढते. पाच झाल्यावर सही ओळखू येत नाही. म्हणजे औषधच जास्त होतंय. डोक्यावर चढतंय. पण मग दर सोमवारी रक्तात ते कमी का दिसतं? रिपोर्ट खोटा असेल का?"

"लॅब चांगली आहे," जावई म्हणाले. "मी चौकशी केली होती."

"मग रिपोर्ट खरा. नमुना खोटा." तिचं बोट थबकलं. "सर, या रविवार संध्याकाळच्या चौकटीत काय काढलंय?"

"खूण," बायको म्हणाली. "बरोबरची."

"नाही काकू. बाकी दिवसांची खूण बरोबरची आहे. रविवार संध्याकाळची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आहे. हात थरथरतो म्हणून तुम्हाला दोन्ही सारख्या वाटतात. हा त्रिकोण आमच्या ऑफिसात सीलबंद पाकिटावर काढतात. सरांनीच सुरू केलाय. त्याचा अर्थ, नमुना स्वच्छ आहे, कुणीही हात लावलेला नाही."

सगळे माझ्याकडे वळले.

त्रिकोण म्हटल्यावर मघाशी जावयापुढे न आठवलेलं मला एकदम आठवलं. "बरोबरच आहे," मी जरा चिडूनच म्हणालो. "सोमवारी सकाळी रक्ताचा नमुना द्यायचा असतो. डॉक्टर म्हणाले, टेस्टच्या आधी कॅप्सूल घ्यायची नाही. रविवारी संध्याकाळची घेतली तर रात्रभर ती रक्तात उतरणार, नमुना दूषित होणार. तपासायच्या कागदावर मी कधी चहाचा थेंब पडू दिलाय का? म्हणून ती घेत नव्हतो. आणि लपवलंही नाही, वहीत स्पष्ट नोंद केली आहे!"

"अरे देवा," जावई कपाळाला हात लावून बसले. "म्हणून त्या कॅप्सूल उरत होत्या."

"लॅबमधला माणूस काही विचारत नव्हता?" भिंगने विचारलं.

"विचारायचा ना. सकाळची गोळी घेतली नाही ना? मी सांगायचो, नाही. खरं तेच सांगत होतो."

"सर, सकाळची तेवढी घ्यायची नव्हती. संध्याकाळची घेऊन बरोबर बारा तासांनी किती उरतं, तेच तर त्यांना बघायचं होतं. तुम्ही चोवीस तासांनी रक्त देत होतात, तेव्हा त्यात जेमतेम निम्मं उरणार. डॉक्टरांना वाटायचं कमी पडतंय, ते वाढवायचे. हॉस्पिटलात नर्स वेळेवर देत होत्या, म्हणून तिथे आकडा बरोबर यायचा."

"आणि रविवारी एक डोस चुकला, की सोमवारी हा माणसात यायचा," ताई म्हणाली. "मग पुन्हा पाच-पाच सुरू, की गुरुवारी मी परकी." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मग तिथेच हात ठेवला. "सगळ्या जगाचे नमुने तपासलेस रे. सगळ्यात मोठा नमुना तूच निघालास."

बायको फोनवर डॉक्टरांना सगळं सांगत होती. ती परत आली तेव्हा तिने माझी चप्पलही हातात आणली होती. "लगेच या म्हणतात. आणखी आठवडा गेला असता तर फिट आली असती, म्हणाले. सकाळची कॅप्सूल किती वाजता घेतली?"

"आठला. ठोक्याला."

"मग रक्तही आठच्या ठोक्याला घेणार आहेत."

६

आकडा हवा होता त्याच्या दुपटीच्या वर आला. मला दाखल करून घेतलं. मेंदूचं स्कॅन केलं, ते सुदैवाने स्वच्छ निघालं. किडनीलाही तसा फारसा धक्का बसला नव्हता. डॉक्टरांनी पाचाच्या दोन कॅप्सूल केल्या आणि मला फैलावर घेतलं. मग स्वतःही खाली मान घालून म्हणाले, "मी दर वेळी आकडा बघितला. कधी घेतली होती, ते विचारायला हवं होतं." मला ते आवडलं. कोर्टात असं कबूल करणारे फार भेटले नाहीत.

दहा दिवसांत भिंतीवरची अक्षरं गेली. स्वेटरवाला परत आला नाही, आणि खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी त्याची वाट पाहिली. हाताची थरथर पूर्ण थांबली नाही, पण चहा कपात राहायला लागला.

लाज मात्र कमी झाली नाही. बायकोला मी काय काय बोललो, याची यादी मला हळूहळू कळत गेली. निम्मी ताईकडून आणि निम्मी जावयाकडून. तिने स्वतः एक शब्द सांगितला नाही.

घरी आल्यावरचा पहिला रविवार. संध्याकाळचे आठ. ती कोरड्या हातावर दोन कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी तिच्यासमोर त्या गिळल्या. मग वही ओढली आणि रविवारच्या चौकटीत बरोबरची खूण केली. पुढे लिहिलं, 'दोन घेतल्या.' शिरोरेषा उजवीकडून ओढली, मुद्दाम लक्ष देऊन, तरी ती वाकडी झालीच. खाली सही केली. ती तर फारच वेडीवाकडी आली.

ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हे कुणाचं अक्षर?" तिने विचारलं. थट्टेने विचारलं, पण आवाज जरा कापला.

मी वही तिच्या हातात दिली. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"माझंच आहे," मी म्हणालो. "उद्या रक्त द्यायला जाताना तूही चल. लॅबवाल्याला काय काय सांगायचं, ते तू सांग."